अस्सल गाडी कशाला म्हणावे? लूकस इंजेक्शनच्या निमित्ताने

१/ इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाने मागच्या आठवड्यात विचारले: "माझ्याकडे १९७१ची ट्रायम्फ टीआर ६ आहे. तिचे मूळ यांत्रिक इंधन-इंजेक्शन फार त्रास देते. ते काढून कार्ब्युरेटर बसवू, की संगणकावर चालणारे नवे इंजेक्शन? इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आपले मत काय?" प्रश्न गॅरेजातला वाटतो, परंतु त्याच्या तळाशी आमच्या शास्त्रातला एक जुना वाद आहे. म्हणून हा दीर्घ धागा. #थ्रेड

२/ मत आरंभीच मांडते. जुन्या यंत्रात बदल करण्यास माझा विरोध नाही. विरोध आहे तो निदानावाचून केलेल्या आणि मागे खूण न ठेवता केलेल्या बदलाला. या गाडीपुरते बोलायचे तर पंप बदलावा, मीटरिंग युनिट राखावे, आणि जे काही कराल ते वहीत लिहून ठेवावे. हे मत कशावर उभे आहे, ते पुढे क्रमाने येईल.

३/ प्रथम यंत्र समजून घेऊ. पेट्रोल इंजिनाला हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात लागते. कार्ब्युरेटरमध्ये आत ओढली जाणारी हवाच अरुंद गळ्यातून जाताना पेट्रोल खेचून घेते. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली, मोजून, फवारले जाते. आज हे मोजमाप संगणक करतो. साठच्या दशकात ते काम पोलादी दट्टे, कॅम, स्प्रिंगा आणि रबरी पडदे करत असत.

४/ मोजून फवारण्याची ही विद्या डिझेलकडून आली. बॉश कंपनीने १९२७ साली डिझेल इंजेक्शन पंपांचे नियमित उत्पादन सुरू केले. तेथून ती जर्मन विमानांच्या पेट्रोल इंजिनांत गेली. युद्धानंतर गुटब्रोड आणि गोलियाथ या लहान मोटारींत आली. आणि १९५४ साली मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलमुळे जगाच्या डोळ्यांत भरली. शेतावरच्या डिझेल इंजिनाचा 'पंप-नोझल' ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी या घराण्यातला एक सदस्य पाहिलाच आहे.

५/ इंग्लंडातील लूकस कंपनीने स्वतःची निराळी रचना केली आणि ती आधी शर्यतीत पारखली. १९५७ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जग्वार डी-टाइपमध्ये लूकस इंजेक्शन होते. १९६१च्या सुमारास ते इटलीच्या मासेराती ३५०० जीटीआयमध्ये गेले. आणि ऑक्टोबर १९६७मध्ये ट्रायम्फने टीआर ५ बाजारात आणली: सहा सिलिंडर, २४९८ सीसी, कंपनीचा दावा १५० अश्वशक्तीचा. पाठोपाठ २.५ पीआय ही कुटुंबाची सेडान आणि नंतर टीआर ६ आली.

६/ या रचनेचे दोन भाग आहेत आणि पुढचा सगळा युक्तिवाद या दोन भागांतील फरकावर अवलंबून आहे. पहिला भाग मागे, डिकीत: विजेवर चालणारा पंप. तो टाकीतले पेट्रोल उचलून दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंडांचा दाब निर्माण करतो. जास्तीचे पेट्रोल एका झडपेतून टाकीकडे परत जाते. दुसरा भाग पुढे, इंजिनापाशी: मीटरिंग युनिट. दाब देणारा निराळा आणि मोजणारा निराळा.

७/ मीटरिंग युनिटात स्लीव्हमध्ये घट्ट बसणारा पोलादी रोटर इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. रोटर आतून पोकळ असून त्या पोकळीत शटल नावाचा एक लहानसा दट्ट्या मोकळा असतो. एका टोकाने दाबाखालचे पेट्रोल आत आले की शटल दुसऱ्या टोकाकडे ढकलले जाते आणि तिकडचे पेट्रोल एका सिलिंडरच्या इंजेक्टरकडे जाते. पुढच्या क्षणी बाजू बदलतात. रोटरच्या एका फेऱ्यात सहा सिलिंडरांना एकेक माप मिळते.

८/ माप किती? शटल जितके सरकेल तितके. त्याच्या एका टोकाला अचल अडसर आहे, दुसऱ्या टोकाला सरकता. सरकता अडसर एका पाचरीवर टेकतो, पाचर पडद्याला जोडलेली आहे, आणि पडदा मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमने ओढला जातो. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की व्हॅक्यूम वाढतो आणि माप घटते. पाय दाबला की व्हॅक्यूम उतरतो आणि माप वाढते. विजेची एकही तार न लावता हे युनिट इंजिनावरचा भार ओळखते.

९/ परंतु भार ओळखण्याचे त्याच्याकडे व्हॅक्यूम हे एकच साधन आहे. कोठे हवा गळत असेल, झडपांचे अंतर चुकले असेल, सहा थ्रॉटलांचा समतोल बिघडला असेल, तर युनिटला खोटी बातमी मिळते आणि ते त्या खोट्या बातमीनुसार प्रामाणिकपणे चुकीचे माप देते. शिवाय त्याला वंगण म्हणून निराळे तेल नाही. पेट्रोल हेच त्याचे वंगण. कोरडे फिरले किंवा गाळ गेला, तर रोटर आणि स्लीव्ह झिजतात.

१०/ ही गाडी बदनाम झाली ती मुख्यतः डिकीतल्या पंपामुळे. त्याची मोटर लूकसच्याच वायपरच्या मोटरीवर बेतलेली होती. सतत उच्च दाब राखताना ती तापे. उन्हाळा, वाहतुकीची कोंडी आणि तळाला गेलेली टाकी, असा योग आला की परत येणारे गरम पेट्रोल पुन्हा पंपात जाई, त्याची वाफ होई, दाब कोसळे आणि गाडी रस्त्यातच बंद पडे. थंड झाल्यावर पुन्हा सुरू होई. त्यामुळे दोष सापडणेही कठीण जाई.

११/ मग गाडी गॅरेजात जाई. तेथील मेकॅनिकचे आयुष्य कार्ब्युरेटरवर गेलेले. मीटरिंग युनिट तपासायला टेस्ट बेंच लागतो: युनिट फिरवायचे, प्रत्येक तोंडातून पडणारे पेट्रोल काचेच्या मोजनळ्यांत धरायचे आणि माप ताडून पाहायचे. हा बेंच कोपऱ्यावरच्या गॅरेजात कोठून असणार? ज्याला तपासता येत नाही त्याच्यावर संशय जातो. पंप चुकला तरी शिक्षा मीटरिंग युनिटला, असे अनेकदा घडले. युनिट उतरवून कार्ब्युरेटर बसवण्यात आले.

१२/ या मालकांना मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांना सोमवारी सकाळी कामावर पोहोचायचे होते. शिवाय कारखानाही हेच करत होता. अमेरिकेतील धुराचे नियम आणि किंमत पाहून ट्रायम्फने तेथे टीआर ५ची जुळी बहीण टीआर २५० पाठवली, दोन कार्ब्युरेटर लावून. टीआर ५ बनल्या २,९४७; टीआर २५० बनल्या ८,४८४. १९७५ साली सेडानमधूनही इंजेक्शन गेले आणि कार्ब्युरेटरची २५०० एस आली.

१३/ "लूकस इंजेक्शन निकामी होते" हा निकाल येथे जन्मला. आता विरुद्ध बाजूचा पुरावा पाहा. ४ जून १९६७, झांडवूर्ट, डच ग्रां प्री. जिम क्लार्कच्या लोटस ४९मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही हे नवे इंजिन पहिल्याच शर्यतीत जिंकले. त्यातही लूकसचे शटल तत्त्वावरचे मीटरिंग युनिट होते. १९८३पर्यंत त्या घराण्याच्या इंजिनांनी १५५ ग्रां प्री जिंकल्या.

१४/ कोणी म्हणेल, शर्यतीचे इंजिन निराळे. दर शर्यतीनंतर ते उघडले जाते. मान्य. शर्यतीत माप व्हॅक्यूमऐवजी थ्रॉटलला जोडलेला कॅम ठरवत असे, हाही फरक आहे. मग १९७० साली झालेली लंडन ते मेक्सिको रॅली घ्या. सुमारे १६,००० मैल, युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले घाट, धूळ, उंची. त्यात दुसरा आणि चौथा क्रमांक ट्रायम्फ २.५ पीआयने मिळवला. सोबत हे यंत्र जाणणारी माणसे होती, हा भेद महत्त्वाचा.

१५/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. आपल्या हाती येणारी साधने बहुधा तक्रारींची असतात. जो पाट नीट वाहिला त्याचा कागद होत नाही. ज्याच्या पाण्यावरून भांडण झाले त्याचा होतो. दप्तरात केवळ भांडणे दिसली म्हणून गावात सदैव भांडणेच चालत, असा निष्कर्ष आपण काढत नाही. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या तक्रारींवरून एका यंत्राविषयी मात्र तो का काढावा?

१६/ उतरवलेल्या भागांचे पुढे काय झाले? मासेराती ३५०० जीटीआयच्या कित्येक मालकांनी लूकस काढून वेबर कार्ब्युरेटर लावले. अमेरिकेत १९५७ ते १९६५ दरम्यान शेव्हरोले कॉर्व्हेटला रॉचेस्टर कंपनीचे यांत्रिक इंजेक्शन मिळत असे; तेही अनेकांनी काढून टाकले. आज त्याच गाड्यांचे मालक तेच भाग शोधत हिंडतात आणि मिळाले तर भारी किंमत मोजतात. फडताळात ठेवलेला भाग वाचला, भंगारात गेलेला कायमचा गेला.

१७/ आता 'अस्सल' या शब्दाकडे येऊ. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासात आपण अस्सल, नक्कल आणि बनावट असे तीन भेद करतो. नक्कल म्हणजे लबाडी नव्हे. कित्येक पत्रे केवळ नकलेमुळेच वाचली आहेत. नकलकाराने समासात "येथे कागद फाटला आहे" असे लिहिले, तर आपण त्याचे ऋणी असतो. पण त्याने फाटलेल्या जागी स्वतःचे शब्द मूळ म्हणून घुसडले, की तो मजकूर प्रक्षिप्त ठरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या दिशाभूल करतो.

१८/ गाड्यांतही बनावट महजर आहेत. टीआर ५ दुर्मीळ आणि महाग, म्हणून काही टीआर २५० गाड्यांना इंजेक्शन चढवून त्या टीआर ५सारख्या केल्या जातात. तसे उघडपणे सांगितले तर ती नक्कल, आणि नक्कल सन्मान्य आहे. दडवले तर बनावट. ओळख पटते ती चेसिस क्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांवरून: टीआर ५ला सीपी, टीआर २५०ला सीडी. जुन्या कागदाचा शिक्का तपासावा तसे हे तपासावे लागते.

१९/ वास्तूंच्या संवर्धनाने या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच शोधले आहे. १९६४ची व्हेनिस सनद सांगते की हरवलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. पुढे जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने याच विचाराच्या वाटेने तुरीन सनद तयार केली. आपल्या गाडीलाही दोन कसोट्या लावू: बदल ओळखू येतो का, आणि तो परतवता येतो का?

२०/ पहिला बदल, पंपाचा. मूळ लूकस पंपाऐवजी बॉशचा पंप बसवण्याची रीत ट्रायम्फधारकांत रुळलेली आहे. त्यात पेट्रोल मोटरीभोवतीच वाहते, म्हणून ती थंड राहते. मात्र हा पंप ढकलण्यात बलवान आणि ओढण्यात दुबळा. तो टाकीच्या पातळीखाली हवा आणि त्याच्या आधी चांगला फिल्टर हवा. आवाज थोडा अधिक येईल. बदल दिसतो, परतवता येतो आणि खऱ्या दोषावर इलाज करतो. निःसंकोच करावा.

२१/ दुसरा बदल, रबराचा. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये सामान्य पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात, आणि १०० पौंडांच्या दाबाखालची गळती म्हणजे आगीला आमंत्रण. हे सगळे इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवावे. यालाही "मूळपणा गेला" म्हणणारे कट्टर लोक आहेत. मूळ गाडी जळून गेल्यावर ते कशाचे जतन करणार, हे त्यांनी सांगावे.

२२/ तिसरा बदल फसवा आहे: अधिक शक्तीसाठी तीव्र कॅमशाफ्ट बसवणे. त्याने मंद गतीतला व्हॅक्यूम उतरतो. युनिटचे एकमेव साधन व्हॅक्यूम असल्यामुळे त्याला इंजिन भाराखाली आहे असे वाटते आणि ते जादा पेट्रोल देते. कारखान्यालाही हे ठाऊक होते. १९७३च्या मॉडेलसाठी कॅमशाफ्ट सौम्य केला तेव्हा मीटरिंग युनिटचे मापही बदलले. तेव्हा कॅमशाफ्ट बदलायचाच असेल, तर युनिट बेंचवर नेऊन नव्याने कॅलिब्रेट करून घ्यावे आणि आधीची मापे नोंदवून ठेवावीत.

२३/ चौथा, कार्ब्युरेटर. अमेरिकेच्या टीआर ६ला ते कारखान्यातूनच होते, त्यामुळे इतिहासाला अगदीच धरून नाही असे म्हणता येत नाही. पाचवा, मूळ थ्रॉटल ठेवून त्यांत विजेचे इंजेक्टर आणि संगणक बसवणे. हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत समंजस. गाडी सहज सुरू होते, पेट्रोल वाचते. दोहोंना माझी अट एकच: कोठेही नवे भोक पाडू नये, मूळ धातू कापू नये, आणि उतरवलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून, गाडीबरोबर ठेवावा.

२४/ यावर आक्षेप येईल: "गाडी माझी, पैसे माझे. दुसऱ्या कोणी का बोलावे?" कायद्याने हा आक्षेप बिनतोड आहे. उभी राहून गंजणाऱ्या अस्सल गाडीपेक्षा रस्त्यावर धावणारी बदललेली गाडी बरी, हेही मला पटते. पण वाड्यातले रुमालही कोणाच्या तरी मालकीचेच होते, आणि बंबात घालण्याचा अधिकार त्यांना होताच. ज्यांनी तो अधिकार वापरला नाही, त्यांच्यामुळे आमचा विषय शिकवला जातो.

२५/ हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते, तेही सांगते. माझे मामा तालुक्याच्या गावी डिझेल पंप दुरुस्त करत. खोलीत टेस्ट बेंच, काचेच्या नळ्यांची रांग, डिझेलचा वास. ट्रॅक्टरचा पंप बेंचवर चढवला की ते नळ्यांकडे पाहून सांगत, "तिसरा कमी देतोय." हात लागला की सगळ्या नळ्या एका रेषेत येत. प्रत्येक पंपाची मापे ते एका लांबट वहीत पेन्सिलीने लिहीत. ही विद्या लूकसच्या बेंचवरच्या विद्येची सख्खी चुलत बहीण आहे.

२६/ नवी इंजिने आली, काम आटले, मामा गेले. खोली रिकामी केली तेव्हा मी पुण्यात पदव्युत्तर वर्गात मोडी वाचायला शिकत होते. बेंच भंगारात गेला, वह्या रद्दीत. कोणीही वाईट हेतूने काही केले नाही. मला विचारलेही होते, "या वह्यांचे काय करायचे?" मी फोनवर म्हणाले, "काय असणार त्यात?" दुसऱ्यांची दप्तरे धुंडाळणारी मी, घरचे दप्तर एका वाक्यात घालवून बसले.

२७/ म्हणून प्रश्नकर्त्या वाचकांस विनंती. आधी निदान: प्रज्वलन, झडपांचे अंतर, हवेची गळती, थ्रॉटलांचा समतोल, पंपाला मिळणारे व्होल्टेज, चालू इंजिनावरचा दाब, याच क्रमाने. मीटरिंग युनिटला हात शेवटी. ते दुरुस्तीस द्याल तेव्हा कारागिराला विचारा, तुमच्या देखत बेंचवर चालवतील का. मापे लिहून घ्या, त्यांची संमती असेल तर चित्रफीत काढा. हे काम जाणणारी माणसे थोडी उरली आहेत आणि वयाने थोर आहेत.

२८/ आणि एक वही घाला. तारीख, किलोमीटर किंवा मैल, काय काढले, काय बसवले, का बसवले, काढलेले कोठे ठेवले. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या मालकाला द्या. इतके केलेत तर कार्ब्युरेटर लावा, संगणक लावा, माझी तक्रार नाही.

२९/ आपल्यापैकी कोणाच्या घरी पंपाची, मोटारीची, गिरणीची, छापखान्याची अशी एखादी कामाची वही असेल, तर कृपया उत्तरात कळवा. टाकून देण्याआधी निदान तिची छायाचित्रे काढून ठेवा. अक्षर लागत नसेल तर मी वाचून देईन. धागा समाप्त.